सहाव्या पट्ट्यातली सुरुवात

अंधेरीच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. जोगेश्वरीला मामाकडे राहायचे. मामाने बजावलं होतं, "टीममदी नाव इला तर धाव. नाय तर हाफ पँट घालून हुंदडणा बंद. टायपिंगच्या क्लासाक घालतलंय."

निवड होती चारशे मीटरची. सहा मुली, त्यातून दोघी घेणार.

गावच्या शाळेत आम्ही कापणी झालेल्या मळ्यात धावायचो. काठीने ओढलेल्या एका रेघेवर सगळ्या उभ्या राहायच्या आणि चार झेंड्यांना वळसा घालायच्या. इथे फक्कीने आखलेले गोल पट्टे. सरांनी मला सगळ्यांत बाहेरच्या, सहाव्या पट्ट्यात उभं केलं. मागे पाहिलं आणि हबकलेच. पाचही मुली माझ्या मागे! पहिल्या पट्ट्यातली तर केवढी लांब. गावाकडची म्हणून सरांना माझी दया आली असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर सुटायची खूण करायचा लाकडी क्लॅपर आणायला वळले, तशी मी मुकाट्याने माझ्याच पट्ट्यात मागे जाऊन त्या पहिल्या पट्ट्यातल्या मुलीच्या बरोबरीला उभी राहिले.

"अगं वेडे, तुझी जागा..." ती म्हणेपर्यंत क्लॅपर वाजलासुद्धा.

मी तिसरी आले. ती दुसरी, माझ्या हातभर पुढे. सरांनी दोन नावं लिहिली.

"सर," धापा टाकत तीच म्हणाली, "ही माझ्या बरोबरीला उभी राहून सुटली. तिकडून, मागून."

सरांनी फक्कीच्या खुणेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, बाहेरचा गोल मोठा असतो ना! म्हणून पुढे उभं करतात. पस्तीसेक मीटर जास्त धावलीस तू!"

मी म्हणाले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"हे पण सांगायचं?" मागून कुणीतरी खिदळलं. सर मात्र हसले नाहीत.

"तुम्ही दोघी पुन्हा धावाल?"

"धावू ना," बुटाची नाडी आवळत ती म्हणाली. "नाही तर ही जन्मभर ऐकवेल मला."

अर्ध्या तासाने मी सहाव्या पट्ट्यात, माझ्या खुणेवर उभी राहिले. समजावून सांगितलं होतं, तरी चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. जीव खाऊन धावले. शेवटच्या वळणानंतरही ती माझ्या बाजूला आली नाही.

सरांनी तिच्या नावावर रेघ मारली आणि खाली माझं नाव लिहिलं. ती गप्प राहिली असती, तर कुणाला काही कळलंही नसतं. मी तिच्याकडे नुसती पाहत राहिले.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "पाणी दे."