देवांच्या आधी मासे

रामनगरात कुणाला सांगितलं की मी मासे पाळते, तर पहिला प्रश्न ठरलेला: "बांगडे की तारले?" आमच्या बाजारात गोव्याची मासळी येते आणि आली तशी तव्यावर जाते. माशाला स्वतःच्या हातानं खाऊ घालणारी बाई अख्ख्या गल्लीत मी एकटीच, आणि तेही खाऱ्या पाण्यातल्या माशाला. मी मूळची खानापूरकडची, समुद्र पाहिला तो लग्नानंतर. पण आमचे हे तेव्हा गोव्याला माल पोचवायचे. तिथलं एक हॉटेल बंद पडलं आणि त्यातली काचेची टाकी ह्यांनी गाडीत घालून घरी आणली. दुसऱ्यांचे नवरे गोव्याहून काजू आणतात.

टाकीत पांढरी वाळू, समुद्रातले भोकाभोकाचे दगड आणि दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. मोठी ती मादी, छोटा तो नर. टाकीत सगळं तिचंच चालतं. दाणे टाकले की आधी ती खाते, तो तिच्यामागं घुटमळत राहतो. मला ती फार आवडायची, का ते आमच्या ह्यांना विचारा. पाच वर्षांत मी तिच्याशी जितकं बोलले तितकं शेजारणींशीही बोलले नसेन, कारण ती मध्येच स्वतःचं काही सांगायला लागत नाही.

मग ह्यांना गणेशगुडीला एका लॉजवर गाडी चालवायचं काम मिळालं आणि जवळच आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं. सगळ्यांना कपाटाची आणि पिठाच्या डब्यांची काळजी. मला टाकीची. कारण टाकी म्हणजे काही फ्रिज नव्हे, की वायर काढली आणि उचलला. पाणी स्वच्छ ठेवणारे बारीक जीव त्या दगडांत आणि वाळूत राहतात. ते वाळले की मेले, आणि ते मेले की चार दिवसांत पाण्याचं विष होतं. म्हणून जुनं पाणी पिंपांत भरून न्यायचं, दगड त्यात बुडवून न्यायचे. मासे झाकणाच्या बादलीत, बॅटरीवर बुडबुडे सोडणारा छोटा पंप लावून. तरीही त्यांना बादलीत फार वेळ ठेवता येत नाही.

हे सगळं मी आत्याबाईंना नीट समजावलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे तसंच म्हणतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्हे की गं मासं, मी कुठं नको म्हणतोय? पर नव्या घरात पयलं पाऊल देवाचं. भटजी येणार, देव आत जाणार, मग तुझं मासं."

सकाळचाच मुहूर्त होता, म्हणून मीही वाद घातला नाही. पहाटे उठून पिंपं भरली. टेम्पोवाला पिंपं चढवता चढवता म्हणाला, "वैनी, पाणी हाय, मीठ हाय, मासं हाईत. आता तिखट तेवढं टाकलं की झालं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे गणेशगुडी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. आत्याबाई पुढे बसल्या, मी मागे, बादली दोन पायांत धरून. जंगलातल्या प्रत्येक वळणावर पाणी डचमळायचं आणि मी झाकण घट्ट दाबून धरायचे.

पोचलो, तोरण लावलं, आणि भटजींचा फोन आला. बस वाटेत बंद पडली होती, दुसरी कधी मिळेल सांगता येत नाही म्हणाले. आम्ही आपले अंगणात. घर समोर, दार उघडं, आणि आत जायचं नाही!

ऊन चढलं. आधी बादली टेम्पोच्या सावलीत ठेवली, सावली सरकली तशी बादली सरकवली. मग पंपाचा आवाज बारीक व्हायला लागला. बॅटरी नवी घेतली होती, दुकानदारानं हातात देताना शपथ घेतली होती. झाकण उघडून पाहिलं तर मोठी मादी तळाशी कुशीवर पडलेली, कल्ले भराभर हलवत. छोटा तिच्या पोटाला चिकटून.

माझा ताबा सुटला. "तुमच्या रीतीपायी हे दोन जीव मरतील," मी आत्याबाईंना सगळ्यांसमोर म्हणाले, "आणि मग मला ह्या घरात पाऊल टाकायला सांगू नका!" ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि टेम्पोचे टायर तपासायला घेतले. टायरना काहीही झालेलं नव्हतं.

आत्याबाईंनी मांडीवरची देवांची पेटी पाटावर ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि बादलीशी येऊन वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "उचल रं पिंपं. घे आत."

"आणि देव?" हे म्हणाले.

"देव थांबत्यात. त्यास्नी काय श्वास घ्यावा लागतोय व्हय?"

आणि बादली त्यांनी स्वतः उचलली. मी घ्यायला पुढे झाले तर मला हातानं बाजूला केलं. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या, उजवं पाऊल आत टाकलं आणि गेल्या.

पुढचं सगळं धावपळीचं. स्टँडखाली पातळ फळी सरकवून टाकी सरळ केली, वाळू घातली, दगड रचले, जुनं पाणी ओतलं. लाईट होती, ही त्या दिवसाची मोठीच कृपा. एक शेजारी मदतीला म्हणून बोअरच्या गोड्या पाण्याची घागर घेऊन आला, त्याला चहा देऊन परत पाठवलं. पाणी निवळल्यावर मासे सोडले. दोघे दगडामागे गेले ते गेलेच. दुपार टळल्यावर भटजी आले. खोलीभर नळ्या, ओली फरशी आणि बुडबुड करणारी टाकी बघून त्यांनी भुवया चढवल्या. आत्याबाई म्हणाल्या, "तुमी सुरू करा." त्यांनी सुरू केलं. मी हात जोडून बसले होते, पण डोळे दगडाकडे.

पाहुणे गेले. दिवेलागणीच्या वेळी मी टाकीसमोर बसकण मारली होती आणि आत्याबाई शेजारी येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात दगडामागून ती बाहेर आली. जरा तिरकी, पण आली. मी दोन दाणे टाकले, तिनं एक गिळला, एक थुंकला, मग तोही गिळला. मागोमाग छोटा. मला रडूच आलं. त्या भरात मी विचारलं, "आत्याबाई, इतकी वर्षं रीत पाळलीत, मग आज कशी मोडलीत?"

त्या माशांकडेच बघत होत्या.

"आमचं सुपा गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तवा आमी घर सोडून ट्रकातनं रामनगरला आलो. मी ल्हान हुतो, परकरातली. घर मिळालं हुतं, दार बी उघडं हुतं. पर देव मागच्या ट्रकात. आजी म्हणाली, देव आल्याबिगर मी आत जायाची न्हाई. बसली उन्हात. सगळे म्हणाले आत चल. न्हाई म्हणजे न्हाई. त्यो ट्रक आला तिनीसांजंला, तवर आजी उन्हानं कुशीवर पडली हुती."

"मग?"

"मग काय. देव आत गेले. आजी न्हाई गेली." त्यांनी पदरानं काचेवरचा एक थेंब पुसला. "सकाळी त्या बादलीत बघितलं नि म्हटलं, ही तरी आत जाऊ दे."