तारेचे ब्रेक आणि हिरवा ठिपका

मुलीच्या सायकलला तारेचे डिस्क ब्रेक बसवायचे हा निर्णय माझा होता आणि तो बरोबर होता, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं ऐकलं की लोक लगेच म्हणतात, ‘बघा, तेलाचे घेतले असते तर...’ त्या लोकांना खांद्याला धरून गदागदा हलवावंसं मला अजून वाटतं.

आम्ही बदलापूरला सोनिवलीच्या एका नव्या इमारतीत राहतो. मुलगी तेवीस वर्षांची. तिने लांबच्या प्रवासाची एक जुनी सायकल घेतली, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं ड्रॉप हँडल असलेली, आणि जेवताना जाहीर केलं की ती एकटी माळशेज घाट चढून जुन्नरला जाणार आणि त्याच घाटाने खाली येणार. चढण्याचं मला काही नव्हतं. दमली तर बसेल. पण उतरताना मागे दोन्हीकडे सामानाच्या पिशव्या, पुढे वळण आणि बाजूला दरी. सायकलवरचे जुने ब्रेक तर गंजून जाम झालेले. मी म्हटलं, जा, पण नवे ब्रेक मी निवडणार.

तो माझा हक्कच होता. अंबरनाथच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासणी खात्यात आहे. आलेला माल मोजायचा, बरोबर असला तर हिरव्या मार्करने ठिपका, नसला तर लाल. माझा हिरवा ठिपका पडल्याशिवाय माल पुढे सरकत नाही, मॅनेजर येऊन टेबलावर हात आपटो नाहीतर डोकं. मुलगी लहान असताना तिची पाण्याची बाटली घेऊन यायची. ‘आई, ओके कर ना.’ मी बाटली उलटी धरून बघायचे, गळत नसली तर बुडाला ठिपका द्यायचे. मग ती निर्धास्त दप्तरात टाकायची.

तर मी ब्रेक शोधायला लागले आणि ओळखीतले सगळे पुरुष मला समजावायला धावले. तिच्या सायकलच्या ग्रुपवरचे, ज्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. कारखान्यातले दोघे. आणि माझा नवरा, ज्याने उतरलेली चेनसुद्धा आयुष्यात कधी चढवलेली नाही, तो रोज ऑफिसला जाताना मला व्हिडिओ पाठवायचा. सगळ्यांचं एकच: हायड्रॉलिक, म्हणजे तेलाचे, घ्या, केबल आता कोण वापरतं? मी शांतपणे, म्हणजे माझ्या मानाने शांतपणे, सांगायचे की तेलाचा ब्रेक मुरबाडच्या पुढे गळला तर त्यात तेल भरायला कोण येणार, तुम्ही? तारेच्या ब्रेकला पिशवीत एक जास्तीची तार आणि एक पाना पुरतो. पॅड झिजला की हाताने फिरवून डिस्कजवळ सरकवता येतो. बोटांना जोर जरा जास्त लागतो, एवढंच. यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘ताई, ते जरा टेक्निकल आहे.’

टेक्निकल! मला! तीन आठवडे हे ऐकून माझं डोकं भणभणत होतं आणि त्याच डोक्याने मी मुलीला घेऊन उल्हासनगरला सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. पर्समध्ये जाडी-अंतर मोजायचा व्हर्नियर. काउंटरवर जुना ब्रेक ठेवला आणि सांगितलं, याच्या जागी बसेल असा तारेचा डिस्क ब्रेक, पुढचा आणि मागचा.

दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘दीदी, हँडल कौनसा है? सीधा की ड्रॉप?’

‘ब्रेक चाकाला लावायचाय, हँडलला नाही.’

‘वो बात नहीं दीदी, लिव्हर का हिसाब...’

‘हिसाब मला शिकवू नका. माल दाखवा.’

मुलगी शेजारी उभी होती. ‘आई,’ म्हणाली. मी नुसतं तिच्याकडे वळून बघितलं. ती परत मोबाइलमध्ये बघायला लागली.

त्याने माल दाखवला. मी बोल्टांमधलं अंतर मोजलं, पॅडची जाडी मोजली, डिस्क बसेल ती फट मोजली. सगळं बरोबर. घरी बाल्कनीत मीच बसवले. तार ताणली, पॅड जवळ आणले, चाक जोरात फिरवून हँडलवरचा लिव्हर दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, ‘ओके कर.’ मी दोन्ही ब्रेकवर हिरवा ठिपका दिला. नवऱ्याकडे एक नजरही टाकली, तीही मुद्दाम.

त्या रविवारी ती पिशव्या भरून बारवी धरणाच्या रस्त्याला सरावासाठी गेली. साडेदहाला तिच्या नंबरवरून फोन आला. आवाज भलत्याच बाईचा.

‘आई हाय का तू? तुझी पोर पडलेय इथं आमच्या पाड्याच्या उताराला. जित्ती हाय, घाबरू नको. हात मोडलाय वाटतं.’

मनगट मोडलं होतं. गुडघे आणि हनुवटी खरवडून निघाली होती. त्या बाईने तिला सावलीत बसवून हात ओढणीने गळ्यात बांधला होता. उतारावर वेग वाढल्यावर मुलीने दोन्ही लिव्हर दाबले, आणखी दाबले, ते मागे येत येत हँडलला टेकले आणि सायकल जेमतेम मंदावली. समोरून टेम्पो येत होता. तिने सायकल बांधावर घातली.

दवाखान्यात ती मला म्हणाली, ‘मी वर थांबून एकदा ब्रेक बघणार होते. मग म्हटलं, आईचा ठिपका आहे.’

हे वाक्य ऐकल्यावर मला कुणाला तरी मारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दुकानात जाऊन ते ब्रेक काउंटरवर आपटले. जे तोंडाला येईल ते बोलले. गिऱ्हाइकं बघत होती. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मग आवाज न चढवता म्हणाला, ‘दीदी, मैंने पूछा था. आप चिल्लाने लगीं, तो मैं चुप बैठ गया.’ मग सरळ हँडलचा आणि ड्रॉप हँडलचा असे दोन लिव्हर काढून त्याने माझ्यासमोर दाबून दाखवले. सरळवाला तार भरपूर ओढतो. ड्रॉपवाला कमी ओढतो. मी घेतलेला ब्रेक भरपूर तार मागणारा होता. बाल्कनीत रिकामं चाक थांबवायला कमी तार पुरली, सामान लादलेली सायकल उतारावर थांबवायला पुरली नाही. मापं माझी सगळी बरोबर होती. हे एक माप मी घेतलंच नव्हतं आणि जो ते घ्यायला सांगत होता त्याचं तोंड मी बंद केलं होतं.

त्याने ड्रॉप हँडलला चालणारा तारेचा ब्रेक बदलून दिला. मी घरी येऊन काय सांगितलं? दुकानदाराने फसवलं. नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, मुलीच्या देखत सांगितलं. मुलगी प्लास्टरवर पेनाने रेघोट्या ओढत होती.

प्लास्टर निघाल्यावर नवे ब्रेक बसवले. या वेळी आधी लिव्हर दाबून तार किती सरकते ते मोजलं. सामान लादून इमारतीच्या उतारावर मीच सायकलवर बसले, पन्नाशीच्या बाईला सलवार-कमीजमध्ये उतारावरून येताना बघून वॉचमन उभा राहिला. सायकल थांबली, हवी तिथे. वर येऊन बाल्कनीत मुलीसमोर मी मार्कर काढला. टोपण उघडलं आणि हात पुढे जाईना.

‘त्याने फसवलं नव्हतं,’ मी म्हटलं. ‘त्याने हँडल विचारलं होतं. मीच...’

‘माहीत आहे. मी तिथेच होते.’

‘मग बोलली का नाहीस?’ माझा आवाज चढलाच.

ती नव्या तारेवरून बोट फिरवत होती. ‘मलाही तेच विचारायचं होतं, आई. लिव्हरचं मी कुठेतरी वाचलं होतं. तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, जाऊ दे.’

 राग इतका आला होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि या वेळी तो काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी टोपण परत लावलं.

‘आता विचार,’ मी म्हटलं.

तिने विचारलं. एकामागून एक, बाल्कनीतल्या लाद्यांवर मांडी घालून, काही प्रश्न तर निव्वळ बाष्कळ. मी दातओठ खात प्रत्येकाचं उत्तर मोजून दिलं. ठिपका शेवटी तिने दिला.