कोरिया कॉल

शेजारच्या टेबलावरच्या ताईंना मोकळीक दिली असती, तर त्यांनी दुबईच्या उन्हालासुद्धा वेळापत्रक आखून दिलं असतं. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात त्यांच्या अखत्यारीबाहेर काहीच नव्हतं. एसी किती ठेवायचा, कुणी डब्यात भात किती आणायचा, कुणी रजा कधी टाकायची, सगळं त्याच ठरवायच्या.

फायर ड्रिलच्या दिवशी नऊ मजले उतरताना मी चौथ्यावरच धापा टाकत पायरीवर बसले. बाकीचे पुढे गेले. ताई माझी पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. "आज आग खोटी होती म्हणून बरं," एवढंच म्हणाल्या. आणि त्याच शनिवारी मला वजन उतरवायला एका कोरियन वैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्यांनी कानाला बारीक सुया टोचल्या, काढ्याची पाकिटं दिली, दोन ठरलेल्या वेळा सांगितल्या आणि जेवणानंतर रोज चालायला लावलं.

"ताई, मला पाणी प्यायला फुरसत नसते, काढा कधी घेऊ?"

उत्तर म्हणून त्यांनी माझ्या कॅलेंडरमध्ये रोज अकरा आणि चारला 'कोरिया कॉल' टाकला. त्या वेळेत मीटिंग ठेवायची कुणाची टाप नव्हती. पाकीट गरम करून कपात ओतून आणायच्या आणि शेवटचा घोट घशाखाली जाईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. दुपारी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये आमच्या फेऱ्या चालत. मी बिर्याणीचा विषय काढला, की ताई "खलास!" असं ओरडत. वॉचमनसुद्धा दचकायचा.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "कोरियावाला क्लायंट कहाँ तक आया? आज मैं भी बैठता हूँ." ताईंनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "सर, क्लायंट यही है. इसके घर में सात साल की बेटी है. इसको ठीक करना है."

साहेब म्हणाले, "चार बजेवाला थोड़ा लंबा रखो."

सहा महिन्यांत अकरा किलो उतरले. काढ्यानं की ताईंच्या धाकानं, ते वैद्यच जाणोत. ड्रिल पुन्हा झालं, तेव्हा मी न थांबता खाली पोचले.

गेल्या वर्षी ताई रिटायर होऊन नागपूरला परतल्या. विमानतळावर आभार मानायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला कवेतच घेतलं.

"आता हात पोचतात गं," म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.