इंदूआजींची रोज येणारी सून

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मग आज ड्युटीला कोण?" पलीकडे आश्रमातली स्वयंपाकीणबाई होती. "काय म्हणालात?" तिनं विचारलं, आणि मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं. सेहेचाळीस वर्षांची बाई इब्रामपूरला आपल्या घरी, सकाळची बस गाठायची म्हणून केस विंचरता विंचरता कोसळते, आणि आश्रमाची चिटणीस म्हणवणारी मी हजेरीची चौकशी करते! पाच आठवडे झाले, त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही.

आमचा वृद्धाश्रम डिचोलीत. माझी आई शेवटची दोन वर्षं तिथे अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं सुलभानं केलं. आई चिडून तिच्यावर ओरडायची, तर ही म्हणे, "आये, जिबेक धार आसा मगो अजून!" आई गेल्यावर मी समितीत आले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, तोंड वाजवायची सवय. सरकारनं किमान वेतन वाढवलं तेव्हा 'आपल्याला कुठे लागू होतंय' असा सूर निघाला. मी भांडभांड भांडले. वाढ मिळाली. छोटा समारंभ करून सुलभाच्या हातात नारळ आणि पत्र मीच दिलं. माझा फोटोही झकास आला.

पुढच्याच बैठकीत प्रश्न आला, देणग्या तेवढ्याच, मग पैसे आणायचे कुठून? बायकांच्या खोलीत दिवसा दोघी असत, त्यातली एक कमी करायचं ठरलं. खाली सही माझी. कमी झालेली मंजुळा कोण, हे मी विचारलंसुद्धा नाही. महिन्यातून एकदा बैठकीला जाऊन चहा आणि उंडो-पाव घेऊन येणारी मी; आईच्या वेळच्यांतली आता एकटी सुलभा उरलेली, बाकी कुणाला चेहऱ्यानं ओळखत नव्हते. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्याला चादर धरायला दोन बाजूंनी दोघी लागतात. आईच्या उशाशी बसून हे मी रोज पाहिलेलं होतं. तरी सही केली.

"एकटीला जमतं ना गं?" मी नंतर विचारलं.

"जमता बाय. तुमी काळजी करू नकात."

आणि खरंच जमत होतं. मोरजीच्या इंदूआजी लकव्यानं आडव्या, डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, पण पाठीवर एक फोड नाही. शिवाय वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं, त्या इंदूआजींना भेटायला त्यांची सून येऊ लागली होती. भेटीच्या वहीत रोज 'सून' अशी नोंद; सकाळी आलेली सून संध्याकाळीच जायची. अशी सून मिळायला नशीब लागतं, असं मी सुलभाला म्हटलं. पदर तोंडाशी धरून ती हसली. "व्हय बाय, सून बरी गावली म्हातारेक." बैठकीत मी दोन्ही गोष्टी कौतुकानं सांगितल्या. एकीवर भागतंय म्हटल्यावर पुरुषांच्या खोलीतलाही एक माणूस कमी झाला.

बाराव्याला इब्रामपूरला गेले. मागच्या दारी एक बाई भांडी घासत होती. "ही मंजुळामावशी," सुलभाच्या मुलीनं ओळख करून दिली, "आईबरोबर आश्रमात असते." असते? हिला तर आम्ही कधीच काढून टाकलं होतं! मंजुळा राखेचे हात तसेच धरून उभी राहिली.

"बाय, वहीतली सून ती मीच."

ती सांगू लागली, "सुलभाताय म्हणाली, एकटेन केल्यार म्हातारेची पाट फुटतली. तू ये. जो पगार मेळता तो अर्दो अर्दो करूया."

म्हणजे मी भांडून वाढवून घेतलेला पगार, आणि सुलभाच्या घरात जात होतं ते आधीपेक्षाही कमी. आमची चूक दोघींनी आपल्या अंगावर झेलली, आणि ती दिसली नाही म्हणून आम्ही तीच पुन्हा केली. आश्रमात स्वयंपाकिणीपासून राखणदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला तेवढं कळू नये?

"मग मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता.

मंजुळानं मान खाली घातली. "ताय म्हणाली, बायन आमच्यासाटी झगडून पगार वाडयलो... तिका वायट दिसतला."

गेल्या आठवड्यात बैठकीत मी हे सगळं सांगितलं. कुणीतरी विचारलं, बाहेरच्या बाईला आत घेतलंच कसं? सुलभाच्या जागी मंजुळाला घ्यायला मात्र सगळे तयार झाले, तीही एकटी. दुसरी जागा परत भरायचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. मी संतापून उठले ती सरळ बायकांच्या खोलीत गेले. मंजुळा नेहमीसारखी इंदूआजींच्या पलंगापाशी भिंतीकडच्या बाजूला उभी होती. खिडकीकडची बाजू तिनं मोकळी ठेवली होती. "ती तायची बाजू," ती म्हणाली.

मी तिथे जाऊन उभी राहिले. मंजुळानं दाखवली तशी चादर धरली, तिनं "आता" म्हटल्यावर ओढली. आजी कुशीवर वळल्या. मग त्यांचा धड हात चाचपडत माझ्या मनगटावर आला.

"सुलभा, आयलंय गो एकदाची? तुजे हात इतले थंड कित्याक?"

मंजुळानं माझ्याकडे पाहिलं. आजींना अजून कुणी सांगितलेलं नाही. मी हात तिथेच राहू दिला.