बारा जुलैची लागण

चूक मीच शोधली, आणि शोधली त्याच दिवशी दुरुस्तीची यादीही केली. हे आधी सांगते, कारण पुढे या दोन्ही गोष्टींना काडीची किंमत राहिली नाही.

शिरूरला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. साखर कारखान्यांसाठी ऊसनोंदणीचं सॉफ्टवेअर करतो. कारखान्याचा माणूस बांधावर उभा राहून लागणीची तारीख मोबाईलमध्ये भरतो आणि तिच्यावरून तोडणीचा क्रम लागतो. ज्याची लागण आधी, त्याच्या रानात तोडणीची टोळी आधी.

त्या वर्षी कारखान्यानं नवा सर्व्हर घेतला. तो तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचायचा, महिना आधी आणि दिवस मागून. त्यामुळे १२/०७, म्हणजे बारा जुलै, सात डिसेंबर झाली. दिवस तेरा किंवा त्यापुढचा असला तर तारीख बरोबर राहायची, कारण तेरावा महिना नसतो. चाचणीसाठी मी वीस नोंदी घेतल्या होत्या. पटकन ओळखू याव्यात म्हणून सगळ्या पंधरा, वीस आणि पंचवीस तारखेच्या. सगळ्या पास झाल्या. प्रत्येक ओळीपुढे माझी बरोबरची खूण आहे.

पुढच्या वर्षी तोडणीचा हंगाम सुरू होऊन दीड महिना झाल्यावर हे लक्षात आलं. ज्यांचा ऊस मागे ढकलला गेला त्यांची यादी चार पानं झाली. ज्यांचा पुढे आला त्यांनी तक्रार केली नव्हती, करणारही नव्हते. मी कारखान्याला चूक लेखी कळवली आणि सोमवारी दुरुस्ती बसवायचं ठरवलं. ते पत्र त्याच संध्याकाळी कारखान्यातल्या विरोधी गटाच्या मोबाईलवर फिरत होतं. सोमवारच्या आत दौंडच्या कोर्टात दावा दाखल झाला.

दावा लावणारे खुटबावचे एक बागायतदार. त्यांची लागण वीस जुलैची. तारीख बरोबर, ऊस वेळेवर तुटून गेलेला, त्या रानात गहू उगवलेला. तरी सदोष संगणकप्रणालीमुळे त्यांना मानसिक त्रास झाला होता. पहिला प्रतिवादी कारखाना, दुसरी मी. जोडीला एक अर्ज होता: पुरावा नष्ट होऊ नये म्हणून सगळ्या नोंदी जैसे थे ठेवाव्यात. कोर्टानं तो तात्पुरता मंजूर केला. म्हणजे चुकीच्या तारखांना हात लावायला आता मला कायद्यानं बंदी होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात ते स्वतःच बोलायला आले.

"मॅडम, तुमच्यावर आपला राग न्हाई बरं का."

"मग माझं नाव कशाला घातलंत?"

"नुसत्या चेअरमनला नोटीस धाडली तर त्यो तिच्यात भजी बांधून खाईल. कॉम्प्युटरवाल्या बाईचं नाव घातलं की पेपरात येतंय."

"आणि तुमचा मानसिक त्रास?"

"व्हतोय की! ह्या बाकड्यावर बसून बघा, तुमालाबी व्हईल."

त्यांच्याबरोबरची माणसं हसली. मीही जरा हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

त्याच आठवड्यात मांडवगण फराट्याहून एक मामा ऑफिसात आले. वय सत्तरीच्या पुढे. वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, आता सव्वा एकर ऊस. माझ्या यादीत ते दुसऱ्या पानावर होते.

"ताई, शेतकी हापिसातलं सायब म्हणलं, कॉम्प्युटरातलं हलवता येत न्हाई. पर तारीख चुकली आसं कंपनीनं लिहून दिलं, तर येगळी टोळी लावतो म्हणलं. गावात म्हणत्यात, म्हातारा नंबर लावायला खोटं बोलतोय. लागण केली तवा त्यांचाच माणूस बांधावर व्हता. चार वळी लिवा की."

मी आतल्या खोलीत जाऊन वकिलांना फोन लावला.

"अजिबात लिहायचं नाही," ते म्हणाले. "एकाला कबुली दिलीत की यादीतले सगळे तिची झेरॉक्स घेऊन दारात उभे राहतील. एक पत्र लिहून हौस फिटली नाही का?"

"पण ते खरं बोलतायत."

"म्हणूनच लिहायचं नाही."

बाहेर येऊन मी सांगितलं, "मामा, प्रकरण कोर्टात आहे. आत्ता काही लिहून देता येत नाही."

"लिवू नका. तारीख चुकलीया का न्हाई, तेवढं तोंडानं सांगा."

"ते कोर्ट ठरवेल."

ते पिशवी उचलून निघाले. मी का लिहून दिलं नाही, याची कारणं त्या दिवशी मी वहीत मांडली. ऑफिसातली चार माणसं, हातात असलेले आणखी दोन कारखाने, असं करत सहा कारणं भरली. सहाही खरी होती.

मग कोर्टात कधी बागायतदारांचे वकील आले नाहीत, कधी कारखान्याचे. मी शिरूरहून दौंडला जायचे, पुढची तारीख घेऊन परत यायचे. मार्चमध्ये कारखान्याच्या निवडणुकीची बोलणी झाली. बागायतदारांना चेअरमनच्याच पॅनेलमध्ये जागा मिळाली आणि त्यांनी अडीच ओळींचा अर्ज देऊन दावा काढून घेतला.

"अभिनंदन," वकील फोनवर म्हणाले. "तुमच्यावर कसलाही ठपका नाही."

मी त्याच दुपारी मामांचं पत्र टाइप केलं, सही-शिक्का केला आणि मांडवगणला गेले. रान मोकळं होतं. उसाला तुरे आले, आतून तो पोकळ पडायला लागला आणि टोळीचा पत्ता नाही, म्हणून फेब्रुवारीतच त्यांनी तो चाऱ्याला तोडून दिला होता. सुनेनं पत्र मोठ्यानं वाचलं. लागण बारा जुलैची होती, आमच्या प्रणालीत ती चुकून सात डिसेंबर नोंदली गेली, शेतकऱ्याकडून कोणतीही चूक नाही.

"एवढंच व्हतं?"

"हो."

"आन् हे तुमाला तवाबी ठावं व्हतं."

"हो, मामा."

पत्र कुठं ठेवायचं, असं सुनेनं विचारलं.

"दे त्यांचं त्यांना," मामा म्हणाले. "आपल्याला आपली तारीख ठावं हाय."

तिनं त्याची नीट घडी घालून माझ्या हातात दिलं.