विजेची पेटी आणि वहिनीचं कपाळ

दुखणाऱ्या माणसाचे हातपाय दाबून धरून त्याला बरं करण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला? उत्तराची घाई करू नका. मी स्वतः धरणाऱ्यांच्या बाजूला उभा होतो, आणि तेव्हा माझ्या खिशात अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं होती.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. पनवेलच्या खाडीकाठी आमचं गाव, घरचा धंदा मिठागराचा. थोरल्या भावाच्या बायकोला, माझ्या वहिनीला, अर्धशिशी होती. दिवसभर मिठाच्या राशींवरून ऊन डोळ्यांत घुसायचं आणि संध्याकाळी डाव्या भुवईमागे कोणी पहार घालतंय असं तिला व्हायचं. ती ओकायची, भिंतीवर डोकं आपटायची.

गावात त्यावर एकच इलाज होता, डाग. एक म्हातारा विळ्याचं टोक चुलीत लाल करून कानशिलावर टेकवायचा. चार बाया धरून ठेवायच्या. बाई किंचाळेपर्यंत विळा उचलायचा नाही. किंचाळली म्हणजे दुखणं बाहेर पडलं, असा तिथला नेम. वहिनीला तिसरा डाग दिला तेव्हा कातडं चरचरलं, जळका वास घरभर झाला आणि मी म्हाताऱ्याला ढकलून पाडलं.

"रानटी आहात तुम्ही!"

"तू कागद वाच, पोरा," तो उठत हसला. "तिचा डोका दुखला की कागदच बांध कपाळाला."

आई मात्र हसली नाही. "तुज्याकं दुसरा इलाज हाय काय? नाय ना? मग अमुशेला दुसऱ्या बाजूला डाग."

अमावास्येला दहा दिवस होते. मी पनवेलच्या बाजारपेठेतल्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. आत लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, बाहेर फिरवायची मूठ, तारांच्या टोकांना दोन पितळी चकत्या. मूठ फिरवली की वीज निघे. ते म्हणाले, "चिमूटभर मिठाच्या पाण्यात फडकी भिजव, चकत्यांना गुंडाळ, भुवयांच्या वर ठेव. डागाची जखम भरल्याशिवाय नाही. मुंग्या आल्यासारखं वाटलं की बस. मूठ जोरात फिरवायची नाही. उतार पडेलच, असंही नाही."

शेवटची चार वाक्यं मी कानाआड केली. वीज म्हणजे विज्ञान, आणि विज्ञान म्हणजे आपला विजय, एवढंच मला ऐकू येत होतं.

चौथ्या दिवशी वहिनीचं डोकं उठलं. मी डॉक्टरांकडून मागून आणलेली पेटी अंगणात मांडली आणि जमलेल्या लोकांना भाषण दिलं. आईने मिठाचं पाणी आणलं, पण घरातलं नाही. आगराच्या शेवटच्या कोंडीतलं, जिथे मीठ धरायला लागतं, तिथलं दाट खारं पाणी. मिठागरवाल्यांच्या घरात चिमूटभर मीठ कोण मोजतो? फडक्यातलं पाणी ओल्या डागावरून ओघळलं आणि वहिनी "थांबा, थांबा" करत तडफडली. बायांनी सवयीने तिचे हात धरले. मी थांबायला हवं होतं. मी मूठ फिरवली.

तिच्या पापण्या उडू लागल्या, जबडा आवळला. आवाज नाही.

"वरडली नाय," म्हातारा कुंपणाजवळून म्हणाला. "तुजी वीज पण कागदाचीच दिसते."

मी जोर लावला. आणखी. ती किंचाळली, कमानीसारखी वाकली, तोंडातून रक्त आलं. जीभ चावली गेली होती. आणि ती किंचाळी ऐकून मला, डाग बंद करायला निघालेल्या मला, आनंद झाला. लागू पडलं, असं मी मोठ्याने म्हणालो.

तिने लाथ मारून पेटी उलटवली. रक्त थुंकून म्हणाली, "भावजी, तो म्हातारा गप डागतो. तुमी भाषन करून डागता."

दोन दिवस मी जेवलो नाही. तिने हाक मारली, तीही रागाने. "डॉक्टर काय बोलला, ते सगला सांगा. तुमचा नको, त्याचा." मी सगळं सांगितलं. जखमेवर खपली धरेपर्यंत तिने पेटीला हात लावला नाही. मग विहिरीच्या पाण्यात तिने स्वतः चिमूटभर मीठ टाकलं, चकत्या भुवयांवर बांधल्या आणि मूठ स्वतः धरली. सावकाश, जात्याच्या पहिल्या फेऱ्यासारखी. पहिल्या दिवशी ती ओकलीच. दुसऱ्या दिवशी ठणका तासाभरात उतरला. तिसऱ्या दिवशी नाही उतरला.

अमावास्येला म्हातारा विळा घेऊन आला, बायाही आल्या. वहिनी म्हणाली, "बसा बाबा. पयला तुमी." तिने दोन्ही चकत्या त्याच्या तळहातांत दिल्या आणि मूठ गरगर फिरवली. त्याच्या मुठी मिटल्या, उघडेनात. तोंड वाकडं झालं.

"थांब! थांब, गो!"

ती लगेच थांबली. "तुमी थांब बोललात, मी थांबले. मी तीन टायमाला बोलले. कोन थांबला?" मग माझ्याकडे वळली. "तुमी पन नाय."

म्हातारा हात चोळत निघून गेला. विळा ओट्यावरच राहिला. आईने तो उचलून आत ठेवला आणि बायांना घरी जायला सांगितलं. वहिनीची अर्धशिशी गेली नाही. पण तिच्या कपाळाला तिच्या परवानगीशिवाय पुन्हा कोणी हात लावला नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. आज घरी गेल्यावर जिचं डोकं दुखतं तिच्याजवळ बसा, आणि डाग असो, औषध असो की वीज, इलाजाआधी तिला विचारा, "थांब कधी म्हणशील?" ती थांब म्हणाली, की थांबा.