फोटोआप्पांचा एक मंजूर फोटो

फोटोआप्पा कुणाशी बोलायला लागले की त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, तोंडावर उजेड कुठून पडलाय ते बघायचे. मयताच्या घरी भेटायला गेले तरी समोरच्याला आधी जरा खिडकीकडे सरकायला लावायचे आणि मग विचारायचे, "कधी गेले?" लोक म्हणायचे, आप्पाला रीत नाही. रीत होती. पण त्यांचा डोळा पुढे चालायचा आणि रीत मागून यायची.

वडवणीत स्टँडच्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. माझ्या मुलाने मेंढरं विकली आणि आम्ही गाव सोडून वडवणीला आलो, राहायला मिळाली ती खोली स्टुडिओच्या भिंतीला लागूनच. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून आप्पा दुकान उघडायचे. कॅमेरा लावून लावून दुपारपर्यंत उजव्या बाजूचं भस्म पुसलेलं असायचं. मी पहिल्यांदा गेले ती निराधार पगाराच्या अर्जाला फोटो काढायला.

"आक्का, त्या कॅलेंडरकडं बघा."

"कावून? काय हाय तिथं?"

"काय न्हाई. पण रागावल्यावर तुमचे डोळे नीट उघडतात."

तेव्हापासून मी त्यांच्या पायरीवर बसू लागले. घरात सून आणि टीव्ही, दोघांचाही आवाज मोठा.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा मोठा फोटो करून भिंतीला लावतात. जिवंतपणी काढलेला धड फोटो बहुतेकांचा नसतोच. लोक मतदान कार्ड घेऊन आप्पांकडे यायचे. आप्पा त्यातलं डोकं उचलायचे, खाली कोट जोडायचे, सुरकुत्या घासून काढायचे, रंग उजळ करायचे. म्हणायचे, "जन्मभर उन्हात राबला. आता तरी सावलीत बसू द्या." माझ्या नवऱ्याचा फोटोही त्यांनीच केला होता. त्या माणसाने जन्मात कोट घातला नाही. मी आप्पांना तोंडावर म्हणाले, "ह्याला मी ओळखत न्हाई." त्यांना राग आला नाही. "पोरांना आवडला," एवढंच म्हणाले.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि दुकान ओस पडलं. त्यातच आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बीडच्या डॉक्टरने सांगितलं, गेली ती नजर परत येत नाही, राहिलेली जपा. त्यांची मुलगी पुण्याला असते. तिने त्यांना इंटरनेटवरची एक जागा दाखवली. तिथे जगातून कुणीही फोटो पाठवायचे, तिथली माणसं तपासून घेणार, मग पुस्तकवाले, जाहिरातवाले त्यातून निवडणार. आप्पांनी ते मनावर घेतलं. मी विचारलं, "ह्या वयात कशाला ही उठाठेव?"

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकानं फोटो पास केले, आक्का. गोरं दिसलं की पास. एकदा फोटो कळणाऱ्यानं पास करावा. डोळे हायेत तोवर."

फोटो परत येऊ लागले. सकाळी कॉम्प्युटर लावायचे, चष्मा वर करून पडद्याला नाक टेकवायचे आणि तहसीलच्या कारकुनासारखं म्हणायचे, "नामंजूर." कारण खाली लिहिलेलं असायचं. कधी दाणे दिसतात, कधी धार नाही, कधी मागच्या भिंतीवर दुकानाचं नाव आलंय. कमी उजेडात काढलेल्या फोटोत बाजरी सांडल्यासारखे बारीक दाणे येतात, हे मला तेव्हा कळलं. आप्पांनी संध्याकाळचे फोटो बंद केले, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवू लागले आणि वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला दगडांची पिशवी टांगली. तरी फोटो परतच यायचे. कारण पडद्यावर फोटो मोठा करून तपासताना त्यांनाच चुका दिसत नव्हत्या.

एक दिवस मी पायरीवरून म्हणाले, "वर कोपऱ्यात डाग हाय की."

"कुठं?"

"आभाळात. तीन हायेत."

आप्पा माझ्याकडे वळले, आणि या वेळी उजेड न बघता माझ्याकडेच बघितलं. "या आत," म्हणाले. "तुमची नजर मेंढरं राखलेली हाय."

मेंढराच्या अंगावरचे गोचीड बघायचे तर बोटांनी लोकर दुभंगत जावं लागतं, मानेपासून शेपटीपर्यंत, एक ओळ न सोडता. मी फोटो तसाच बघू लागले. आप्पा तो मोठा करून हळूहळू सरकवायचे, मी सांगायची. ते शिकवायचे. "नाक धारदार आन् डोळा बोथट, असा फोटो परत येतो. आधी जवळचा डोळा बघा." मी चौथी शिकलेली, पण हे मला जमलं. मी मान हलवल्याशिवाय फोटो जायचा नाही. तरी दोन महिने नामंजूरच. आता कारण नवीनच होतं, फोटोवर फार काम केलंय.

माझ्या दिराचा लोकर कातरतानाचा फोटो होता. मी दोनदा तपासून पास केलेला. तो परत आला तेव्हा मी पडद्यावर बघितला आणि मला कळलं. दिराच्या गालावर बैलाच्या शिंगाचा वण आहे. तो वण फोटोतून गेला होता. गाल घासलेल्या ताटासारखा झाला होता.

"आप्पा, मी बघितला तो फोटो ह्यो न्हाई."

त्यांनी पडदा बंद केला.

"मी घरी गेल्यावर तुमी त्याला घासता. दर वेळेला."

"हाय तसा माणूस परक्या मुलखात पाठवायचा, आक्का," ते म्हणाले, "म्हंजे त्याला उघडा पाठवल्यासारखं वाटतं."

"मग मला कावून बसवता डोळे फोडत? स्वतःलाच फशिवता आन् वर मलाबी."

मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी सकाळी तेच दारात येऊन उभे राहिले.

"बसा फोटोला."

"कुणाच्या?"

"तुमच्या. हात लावत न्हाई."

मी पायरीवर बसले. माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत, खालचा ओठ एका बाजूला फाटून जुळलेला आहे. आप्पांनी पिशवीत दगड भरले, ऊन गल्लीत यायची वाट बघितली, तीन फोटो काढले. त्यातला एक मी पास केला. फोटोतल्या माणसाची लेखी संमती लागते, त्या कागदावर मी पूर्ण नाव लिहून सही केली. मग त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले आणि फोटो जाईपर्यंत हलले नाही. त्यांचा हात दोनदा पडद्यावरच्या घासायच्या खुणेकडे गेला. दोनदा मागे आला.

नवव्या दिवशी त्यांनी मधल्या भिंतीवर थाप मारली. मी गेले. मंजूर झाला होता.

पण तोवर त्यांना नळीतून बघितल्यासारखं दिसायला लागलं होतं. म्हणाले, "मला तुमचा एका टायमाला एकच गाल दिसतोय. सगळं तोंड सांगा." मी सांगितलं. कपाळावरच्या आठ्या, वण, ओठ, पदराचा उसवलेला काठ. काही लपवलं नाही.

"डोळ्याची कड?"

"विळ्यावानी."

आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "लई बरं झालं," म्हणाले. दुसरा फोटो त्यांनी पाठवला नाही. दिवाळीनंतर मुलगी आली आणि त्यांना पुण्याला घेऊन गेली. जीपमध्ये चढताना पायरी सापडेना, तेव्हा मी त्यांचा पाय धरून ठेवला. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन यायचा. आता काहीच दिसत नाही, म्हणायचे, पण आवाज रडका नसायचा. "काय दिसतंय सांगा." मी दारात बसून सांगायची. टोमॅटोवाली आली, असं म्हटलं की ते म्हणायचे, "अशा छप्पन आल्या असतील. ही कशी हाय?" मग मला उठून जवळ जाऊन बघावं लागायचं.

श्रावणात ते गेले. मुलीने तिसऱ्या दिवशी कळवलं.

परवाच्या बाजारात एक म्हातारा तराजू दुरुस्त करत बसला होता. डाव्या अंगठ्याचं नख काळं, कानात विझलेली विडी, पापणीचे केस पांढरे, आणि एका भुवईत लोखंडाचा भुगा चमकत होता. मी इतका वेळ उभी राहिले की त्याने विचारलं, "मावशी, काय पायजे?"

मी म्हणाले, काही नाही. आणि न वाजलेला मोबाईल कमरेला तसाच ठेवून घरी आले.